हलक्या हाताचा माणूस

१

हाडांच्या दवाखान्यात तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीला लागून प्लास्टरची खोली होती, आणि त्या खोलीत गेली एकोणीस वर्षं लोणीमास्तर होते. त्यांना दुसरं नावही होतं, पण ते हजेरीपटावर पडून होतं. मोडलेला हात त्यांनी हातात घेतला की रडणारं माणूस थांबायचं, आणि जे थांबायचं नाही त्याला निदान रडण्याची लाज वाटायची. "हात आहे का लोणी!" असं कधीतरी कुणीतरी म्हणालं आणि नाव चिकटलं. एवढं पक्कं तर त्यांचं प्लास्टरही चिकटत नसे.

प्लास्टर काढायच्या दिवशी मास्तर एक गोष्ट हटकून करत. प्लास्टर कापायची करवत विजेवर चालते, आणि तिचा आवाज ऐकून मिशीवाली माणसंसुद्धा पाय ओढून घेतात. खरं तर ती गरगर फिरत नाही, जागच्या जागी थरथरते. कडक प्लास्टर कापते, मऊ कातडीला नुसत्या गुदगुल्या करते. पण हे सांगून कुणाला पटत नाही. म्हणून मास्तर चालू करवत आधी स्वतःच्या डाव्या तळहातावर टेकवायचे आणि म्हणायचे, "काही लागत नाही. बघ." दिवसातून आठ-दहा वेळा तरी.

त्या सोमवारी सकाळी एक लहान मुलगी टेबलावर बसून किंचाळत होती. थांबेचना. आई तिच्या दंडाला चिमटे काढत होती, त्यामुळे सूर आणखी चढत होता. मास्तर हसत होते. त्यांनी करवत चालू केली, तळहातावर टेकवली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "काही लागत नाही. बघ."

आणि त्यांच्या हाताने करवत दाबली. दाबून ओढली.

अंगठ्याच्या मुळापासून करंगळीपर्यंत कातडी उसवत गेली. रक्त मनगटावरून कोपराकडे गेलं आणि टेबलावरच्या कागदावर टपटप पडू लागलं. मास्तर आपल्याच हाताकडे बघत राहिले.

"बघितलंस?" मुलीची आई म्हणाली. "काकांना काही लागलं का? उगाच तमाशा करतेस."

मुलीने आधी त्या तळहाताकडे पाहिलं. मग आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग नाक ओढून तिने मुकाट्याने हात पुढे केला.

२

मास्तरांच्या मदतीला मावशी होत्या. पट्ट्या भिजवणं, टेबल पुसणं आणि जगाची खबर ठेवणं अशी त्यांची तीन कामं. त्यांतलं तिसरं त्या मन लावून करत. मुलगी गेल्यावर मास्तरांनी त्यांच्यापुढे हात धरला.

"मावशी, हे बघा."

"काय बघू?"

"हात कापला."

मावशींनी हात उलटा केला, सुलटा केला. त्यांची बोटं लाल झाली. "स्केचपेनचा रंग उतरला असेल. पोरं प्लास्टरवर काय काय चितारून ठेवतात! आणि तुम्हाला कसलं लागतंय, मास्तर? लोणी कापलं तर कधी आवाज येतो का?" आपल्याच विनोदावर त्या मनापासून हसल्या आणि फरशी पुसायला लागल्या. फडकं लाल झालं, बादलीतलं पाणी लाल झालं, ते पाणी त्यांनी मोरीत ओतलं.

मास्तरांनी स्वतःच जखम धुऊन पट्टी बांधली. ते विचारी माणूस होते. मावशींना मोतीबिंदू झाला असेल. त्या मुलीच्या आईचं लक्ष नसेल. करवतीचं पातं जुनं झालं असेल, आपला हात घसरला असेल. अशी सगळी कारणं त्यांनी ओळीने मांडली आणि एकावरही त्यांचा विश्वास बसला नाही. हात घसरला नव्हता. त्या किंचाळण्याने त्यांच्या डोक्यात काहीतरी तापत गेलं होतं, आणि कातडी फाटली तेव्हा बरं वाटलं होतं. कापल्याची भीती त्यांना नव्हती, बरं वाटल्याची होती.

लोक ज्याला लोणी म्हणत तो माणूस मास्तरांना कधी भेटलाच नव्हता. ते ज्याला ओळखत होते तो वेगळा होता. बसमध्ये कुणी पायावर पाय दिला, तर तो त्या माणसाचं डोकं खिडकीच्या गजावर आपटून आपटून फोडायचा; मनातल्या मनात, पण अगदी शेवटपर्यंत. दहा वर्षांचा असताना एकदा त्याने ते मनाबाहेरही केलं होतं. एका पेनावरून भांडण झालं आणि त्याने दगड उचलून थोरल्या भावाच्या गुडघ्यावर घातला. एकदा घातला, आणि दादा खाली पडल्यावर पुन्हा घातला. घरी दादा म्हणाला, "झाडावरून पडलो," आणि सगळ्यांनी ते मान्य केलं. दादा आजही लंगडतो.

तेव्हापासून चाळीस वर्षं मास्तर मूठ आवळून जगत होते. हलका हात, हलका हात म्हणतात तो एवढाच: रात्रभर आवळलेली मूठ सकाळी बोटं एकेक करून सोडवायची आणि कामावर न्यायची. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, हे त्यांना पाठ होतं. पण जगाने इतकं फसावं?

३

बुधवारी दुपारी एक जाडजूड गृहस्थ आले. पाय मुरगळला होता, बाकी काही नाही. पण आल्यापासून तोंडाचा पट्टा चालू. खुर्ची अशी का, पंखा तसा का. मावशींनी पायाला पट्टी लावली तशी त्यांनी ती ओरबाडून काढली आणि ओलीच्या ओली मावशींच्या तोंडावर फेकली.

"हात धुतेस का कधी, ए बाई?"

मास्तरांनी त्यांना सावरून बसवायला म्हणून त्यांचं मनगट धरलं. धरलं ते हळूच. मग तो हात लोखंडी टेबलाच्या कडेवर आडवा ठेवला आणि त्यावर आपलं सगळं वजन टाकलं.

आवाज स्पष्ट आला. दोन हाडं होती, त्यांचे दोन आवाज आले.

गृहस्थांचं तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. त्यांनी मास्तरांच्या डोळ्यांत पाहिलं, आणि त्या नजरेत दहशत होती. ओळखलं! चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी आपल्याला बरोबर ओळखलं, असं त्यांना वाटलं. शरम वाटली, भीती वाटली, आणि सुटकाही वाटली. आता हा बोंब मारेल, माणसं धावत येतील, आपल्याला धरतील. धरू देत एकदाचं.

पण ती नजर घरंगळत फरशीवर गेली आणि निवली.

"पाय सरकला," गृहस्थ कण्हत म्हणाले. "फरशी ओली आहे तुमची."

"मघापासून सांगतेय, जपून बसा म्हणून," मावशी म्हणाल्या.

"पाय नाही सरकला." मास्तर म्हणाले. "मी मोडला तुमचा हात. आत्ता. मुद्दाम."

गृहस्थांनी घामेजलेल्या चेहऱ्याने हसायचा प्रयत्न केला. "काय बोलता, मास्तर! तुम्ही होतात म्हणून नशीब. नाहीतर डोकंच आपटलं असतं."

मग मास्तरांनी त्याच हाताला प्लास्टर घातलं. ते उत्तम झालं. नोंदवहीत 'कारण' असा एक रकाना असतो; त्यात काय लिहायचं ते मास्तरांनी ठरवलं होतं. 'मी' एवढंच. पण खाली पाहिलं तर त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहून झालं होतं: पडून.

४

गुरुवारी मोठ्या डॉक्टरांनी बोलावलं. भिंतीवरच्या पेटीत दिवा लावून त्यांनी त्या गृहस्थांची एक्स-रेची फिल्म अडकवली होती. डॉक्टर हुशार होते. हाड बघून ते माणसाची कुंडली सांगत.

"मास्तर, हे पडून झालंय म्हणता? पडणारा माणूस हात असा पुढे टेकतो, त्याने हाड इथे, मनगटाशी मोडतं. हे मधोमध तुटलंय. कशावर तरी ठेवून दाबल्यासारखं."

"टेबलाच्या कडेवर," मास्तर घाईघाईने म्हणाले. "साहेब, मी दाबलं. तुम्हाला दिसतंय ना? हातच्या काकणाला आरसा कशाला? मला कामावरून काढा. पोलिसांना फोन करा."

डॉक्टरांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांच्या पाठीवर थाप मारली.

"तुमची हीच गोष्ट मला आवडते. कुठेही काही मोडलं की चूक आपल्या अंगावर घेता. रजा घ्या दोन दिवस, दमलात तुम्ही." त्यांनी फिल्म काढून ठेवली. "तसं या फिल्मवर फार विसंबायचं नसतं म्हणा. तुमच्या मुलीचीच घ्या. हाड सरळ मोडलेलं नव्हतं, चिंधी पिळावी तसं पिळून मोडलेलं होतं. दुसऱ्या कुणाची पोर असती ना, तर मी त्याच दिवशी बापाला आत टाकला असता. पण बाप तुम्ही! म्हणून म्हटलं, झोपाळ्याच्या साखळीत अडकला असेल हात."

दिव्याची पेटी घुं घुं करत होती.

"कधी काढताय तिचं प्लास्टर?"

"शनिवारी," मास्तर म्हणाले.

५

बिट्टी सात वर्षांची होती. सहा आठवड्यांपूर्वी एका रविवारी मास्तर तिला बागेत घेऊन गेले होते आणि ती झोपाळ्यावरून पडली होती. प्लास्टर मास्तरांनीच घातलं होतं, तिच्या कपाळावरून हात फिरवत. ती रडली नव्हती. एवढी गुणाची पोर, असं सगळे म्हणाले होते.

बाग दवाखान्यातून घरी जायच्या वाटेवर होती. मास्तर आत शिरले. वाळूच्या चौकोनात लोखंडाची कमान उभी होती, आणि तिला काहीच टांगलेलं नव्हतं. साखळ्या नव्हत्या, पाट नव्हते. खाली घोट्याएवढं गवत वाढलं होतं. मास्तरांनी कड्यांत बोट घालून पाहिलं. गंजाचा थर निघून बोटाला लागला.

"झोपाळे कुठे गेले?" त्यांनी राखणदाराला विचारलं.

"ते होय? दोन वर्षं झाली काढून. दर आठवड्याला विचारतो मी साहेबांना. तुम्ही लोणीमास्तर ना? माझ्या सासूचा खुबा तुम्हीच बसवला!"

मास्तर बाकावर बसले. तो रविवार त्यांनी सावकाश आठवला. बिट्टीचा हात त्यांच्या हातात होता, मऊ, घामट. ती घरी यायला तयार नव्हती. ती म्हणाली, "नको." पुन्हा म्हणाली, "नको." त्यानंतर एक्स-रेची खोली. मधे झोपाळा. पण झोपाळ्याबद्दल त्यांना रंग आठवेना, आवाज आठवेना. आठवत होतं ते एवढंच, की दवाखान्यात धावत आलेली बायको म्हणाली होती, "झोपाळ्यावरून पडली ना?" आणि ते म्हणाले होते, "हो."

सगळं जग लोण्याला फसलं आणि आपण एकटे खरं ओळखून आहोत, असं मास्तर आजवर मानत आले होते. आपण राक्षस असलो तरी मूठ आवळून बसलेला राक्षस आहोत, याचा त्यांना आतून अभिमानसुद्धा होता. आणि तेही फसले होते, सगळ्यांइतकेच. कुंपणानेच शेत खाल्लं होतं.

घरी बिट्टी टेबलाच्या पलीकडच्या टोकाला बसून जेवली. हल्ली ती तिथेच बसायची. तिच्या प्लास्टरवर लाल स्केचपेनने साऱ्या वर्गाची नावं होती, शाळेच्या मॅडमचं होतं, खालच्या दुकानदाराचंही होतं. बाबाला मात्र तिने लिहू दिलं नव्हतं. मास्तरांना त्याची गंमत वाटायची. आता त्यांनी ताट बाजूला सारलं.

६

शुक्रवारी सकाळी मास्तर पोलिस चौकीवर गेले. त्यांनी सगळं सांगितलं. हवालदाराने ते लिहून घेण्याऐवजी चहा मागवला, सदऱ्याचं बटण काढून आपलं जुळलेलं गळ्याचं हाड दाखवलं आणि म्हणाला, "बघा, तुमची कृपा." तासाभराने मास्तर तिथून निघून दादाच्या दुकानात आले.

दादा पंख्यांच्या मोटारी दुरुस्त करायचा. तांब्याची बारीक तार तो इतक्या सफाईने गुंडाळायचा की बघत राहावं. चार पंखे छताला उलटे टांगलेले, बाकावर हातोडी, पक्कड, वंगणाची बाटली.

"दादा, तुझा गुडघा कसा मोडला?"

"आज काय नवीन? झाडावरून पडलो."

"कुठल्या झाडावरून?"

"आपल्या... घरामागच्या." दादाचे हात थांबले. "म्हणजे, असेल कुठलंतरी."

"घरामागे भिंत होती. झाड नव्हतं. मी दगड घातला, दादा. दोनदा. तुला आठवतंय. मला वाचवायला तू खोटं बोललास. आता मला वाचवू नकोस." मास्तर रडत होते. "तू एकट्याने खरं म्हण. एकाने म्हटलं तर दुसरा म्हणेल. नाहीतर माझ्या हातून बिट्टीचं काहीतरी होणार आहे. एकदा झालंय. पाया पडतो तुझ्या."

दादाने तार खाली ठेवली. त्याच्या चेहऱ्यावर नुसती माया होती.

"अरे वेड्या, तू? तुला साधं झुरळ मारवत नाही. तू दगड घालणार? तू?"

त्या शेवटच्या 'तू'ला तो हसला. मास्तरांनी बाकावरची हातोडी उचलली. दादाचा उजवा हात बाकावर पसरलेला होता, तो त्यांनी मनगटाशी धरला आणि हातोडी त्यावर घातली. बोटांची हाडं बारीक असतात, ती आवाज करत नाहीत. दुसरा घाव घातला तेव्हा तारेचं रीळ उडून घरंगळत रस्त्यावर गेलं. तिसरा घाव घालताना मास्तरांनी दादाच्या डोळ्यांतून नजर काढली नाही. दादाही बघत होता. हातोडी वर जाताना बघत होता, खाली येताना बघत होता.

"आई गं!" दादा पांढरा पडला. त्याने मान वर करून छताकडे पाहिलं. चारही पंखे जागच्या जागी टांगलेले होते. "पंखा पडला वाटतं रे हातावर."

"दादा!"

"असू दे, असू दे. तू घाबरू नकोस. तूच प्लास्टर घाल रे, तुझा हात हलका आहे."

तो हे बोलत असताना स्टुलाखाली खरखर होत होती. मास्तरांनी वाकून पाहिलं. दादाचा लंगडा पाय टाच घासत मागे मागे चालला होता. दादा वर हसत होता आणि पाय एकटाच, स्टुलाच्या मागे, भिंतीपर्यंत, जेवढं लांब जाता येईल तेवढं लांब जायला बघत होता.

७

दवाखान्यात दादाच्या हाताला प्लास्टर घालून त्याला घरी पाठवलं तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. मावशी जेवायला गेल्या होत्या. मास्तरांनी प्लास्टरच्या खोलीचं दार लावून घेतलं.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मग निदान सुंभच बांधून टाकावा, असा त्यांनी विचार केला होता. डावा हात करवतीने कामातून गेलाच होता. जखम भरत नव्हती, पट्टी रोज भिजत होती. राहिला उजवा. त्यांनी उजव्या हाताची मूठ वळली, तिच्यावर कापूस गुंडाळला आणि डाव्या हाताने, दातांनी धरून धरून, ओल्या पट्ट्या चढवल्या. मुठीपासून थेट कोपरापर्यंत. एक थर पुरे असतो तिथे सहा थर दिले. आता बोटं उघडणार नाहीत. काही धरता येणार नाही, पिळता येणार नाही. प्लास्टर वाळताना गरम होतं. ती ऊब त्यांना फार बरी वाटली, आणि ते थोडा वेळ डोळे मिटून बसले.

वाळल्यावर त्यांनी हात उचलला आणि उठायला म्हणून लिहायच्या लाकडी टेबलाच्या कोपऱ्यावर टेकला. लाकडाचा कपचा उडाला. मास्तर त्या कपच्याकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी हात परत टेकवला, जरा जोरात. अर्धा कोपरा गेला.

उजव्या हातात करवत धरता येत नव्हती आणि डाव्याची पट्टी थबथबली होती. प्लास्टर काढायला आता दुसरं कुणीतरी हवं होतं. वाट बघायला त्यांच्यात धीर नव्हता. घरी जाऊन दोघींना घराबाहेर काढायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

८

बायको मशीनवर पडदे शिवत बसली होती. मास्तरांचा हात बघून ती उठली.

"अगं बाई! पडलात की काय?"

"बिट्टी कुठे आहे?"

"गच्चीत खेळतेय. अहो, पण—"

"तिला घे आणि आत्ताच्या आत्ता तुझ्या आईकडे जा. परत येऊ नका. तिचा हात मी मोडला. झोपाळा नव्हताच तिथे. बागेत जाऊन बघून ये हवं तर."

बायकोने त्यांच्या कपाळाला हात लावला. "ताप तर नाही. डॉक्टरांचा फोन आला होता, म्हणाले, मास्तर फार दमलेत. दुसऱ्याच्या बायका नवऱ्याच्या नावाने रडतात, आणि माझा नवरा स्वतःच्याच नावाने!"

मास्तरांनी पुन्हा सांगितलं, ओरडून सांगितलं, रडून सांगितलं. शेवटी त्यांच्या लक्षात आलं की बोलून उपयोग नाही. स्वयंपाकघराच्या मागे सामानाची खोली होती. तिला खिडकी नव्हती. आत एक लोखंडी कपाट, गाद्यांची चळत आणि एक दिवा. दाराला बाहेरून कडी होती.

"मग निदान मला इथे कोंड," ते म्हणाले. "मी ओरडेन, विनवेन, दार बडवेन. उद्या सकाळपर्यंत, काही झालं तरी उघडू नकोस. शपथ घे."

"बरं. घेतली शपथ." आजाऱ्याचं मन राखतात तसं ती म्हणाली. कडी पडली.

मास्तर गाद्यांना टेकून जमिनीवर बसले. पलीकडे मशीन पुन्हा सुरू झालं. मधे जाड दार होतं आणि दाराला कडी होती. त्यांचा जबडा सैल पडला. तो कित्येक वर्षं आवळलेलाच होता हे त्यांना आत्ता कळलं. बिट्टी उद्या मोठी होईल, परवा आणखी मोठी होईल, आपण नसलो की झालं. त्यांना चक्क हसू आलं.

मशीन थांबलं.

दारापलीकडे कुजबुज होती. "जा ना. बाबांना बरं नाहीये."

"नको."

"नको काय? त्यांच्या हातालापण प्लास्टर आहे, तुझ्यासारखं. तुझ्या हातावर त्यांना लिहू दिलं नाहीस ना? आता तू त्यांच्या हातावर नाव लिही. कसे खूश होतील बघ."

"आई, नको."

"बाबांना कुणी घाबरतं का, वेडे?"

मास्तर ओरडले. शब्द नीट फुटले नाहीत. कडी निघाली, दार वीतभर उघडलं आणि बिट्टी पाठीवरच्या हाताने आत ढकलली गेली. ते उठून दाराकडे झेपावेपर्यंत कडी परत पडली होती.

"दार उघड! तिला बाहेर घे! उघड!"

"अंहं!" बायको बाहेरून हसत म्हणाली. "तुम्हीच म्हणालात ना, काही झालं तरी उघडू नकोस? लिहून झालं की हाक मार गं, बिट्टी."

तिची पावलं गेली. मशीन चालू झालं.

मास्तर मागे सरकले. कपाटाला पाठ लागेपर्यंत सरकले. बिट्टी दाराला चिकटून उभी होती. एका हातात लाल स्केचपेन होतं. प्लास्टरचा हात तिने तोंडासमोर आडवा धरला होता, त्यावरच्या साऱ्या नावांच्या आडून ती बघत होती. ती त्यांच्या डाव्या हाताकडे बघत होती.

"बाबा, तुझ्या हातातून रक्त येतंय."

मास्तरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "तुला दिसतं?"

तिने मान डोलावली.

"आणि... बागेतलं?"

तिने पुन्हा मान डोलावली.

"मग आईला का नाही सांगितलंस, बाळा?"

"सांगितलं ना. आई म्हणाली, तू पडलीस."

सगळ्या जगात त्यांना बरोबर ओळखणारं एकच माणूस होतं, आणि ते तीन फुटांवर उभं होतं. मास्तरांना तिला जवळ घ्यावंसं वाटलं. इतकं वाटलं की ते एक पाऊल पुढे आले.

"नको," बिट्टी म्हणाली.

डोक्यात काहीतरी तापायला लागलं. मास्तरांनी पायाला मागे यायला सांगितलं, पायाने ऐकलं नाही. जबडा आवळला. दिव्याच्या उजेडात पांढरी मूठ वर जाताना त्यांना दिसली, आणि ती कुणाची आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"नको, बाबा."

तेवढ्यात त्यांच्या तोंडून आवाज निघाला. एकोणीस वर्षांचा तो मऊ, समजुतीचा आवाज, ज्यावर आजवर प्रत्येकाने विश्वास ठेवला होता. इतका मऊ, की क्षणभर तो मास्तरांनाही खरा वाटला.

"काही लागत नाही," तो म्हणाला. "बघ."